आधी नाडी, मग स्क्रीन : आयसीयूत मॉनिटर शिकवताना

पहिल्या दिवशी आम्ही मॉनिटरची स्क्रीन टॉवेलने झाकतो. पेशंट स्थिर असलेला निवडतो, अलार्म चालू ठेवतो आणि आमच्यापैकी एक जण सेंट्रल स्टेशनवर (सगळ्या बेडच्या रेघा एकत्र दिसतात त्या स्क्रीनवर) नजर ठेवून बसतो. नव्या इंटर्नना आणि जेआर-१ ना (पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांना) सांगितलेलं असतं : मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. हात-पाय गरम की गार ते बघा. पेशंटशी दोन वाक्यं बोला. सगळं कागदावर लिहा. मग टॉवेल काढतो आणि दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी मांडतो.

श्वासाच्या आकड्यात हमखास फरक निघतो. मॉनिटर श्वास मोजतो तो नाकातोंडाशी नाही, छातीवरच्या इलेक्ट्रोडमधूनच. दोन इलेक्ट्रोडच्या मधल्या विद्युतरोधात छाती फुगताना-बसताना जो बदल होतो, त्यावरून. पेशंट उथळ, भराभर श्वास घेत असेल तर निम्मे श्वास मोजलेच जात नाहीत. उलट कृश पेशंटमध्ये हृदयाच्या ठोक्याने होणारी हालचालसुद्धा श्वास म्हणून मोजली जाते. एट्रियल फिब्रिलेशनच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) पेशंटमध्ये स्क्रीनवर १३० आणि मनगटावर ९८ असं दिसतं, कारण काही ठोके इतके घाईने येतात की हृदय भरायला वेळच मिळत नाही आणि नाडीपर्यंत काही पोचत नाही. बायजेमिनी (एक नेहमीचा, एक अवेळी ठोका) असेल तर नाडी ईसीजीच्या निम्मी लागू शकते. म्हणून मॉनिटरवर ईसीजीवरून आलेला हार्ट रेट आणि बोटावरच्या प्रोबवरून (ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्यावरून) आलेला पल्स रेट हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि दोन्ही सतत दिसतील अशी स्क्रीन लावून ठेवायची, हे पहिल्याच तासात पक्कं करून घेतो.

एमबीबीएसला ईसीजी शिकवतात तो कागदावरचा : बारा लीडचा (लीड म्हणजे हृदयाच्या विजेकडे बघायची एक दिशा), शांत झोपलेल्या पेशंटचा, निवांत बघायला मिळणारा. आयसीयूत एक-दोन लीड, कण्हणारा आणि कूस बदलणारा पेशंट, आणि मशीनने आपल्या हिशोबाने काढलेला आकडा. तो आकडा कसा तयार होतो हे माहीत नसेल तर त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवता येत नाही. त्यामुळे आमच्याकडे रिदमची नावं उशिरा येतात. त्वचा, इलेक्ट्रोड, वायर आणि सेटिंग हे सगळं आधी.

इलेक्ट्रोड लावणं हे सिस्टरचं काम आहे असं समजून डॉक्टर त्यात हात घालत नाहीत, आणि मग रात्री दोन वाजता रेघ खराब आली की त्यांना काही सुधारता येत नाही. म्हणून प्रत्येकाकडून ते हाताने करून घेतो. केस असतील तर ट्रिमरने काढायचे. रेझर नको, त्वचा खरचटते. त्वचा तेलकट किंवा घामट असेल तर साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी करायची. स्पिरिट लावलं तर ते पूर्ण वाळू द्यायचं, ओल्यावर इलेक्ट्रोड चिकटत नाही. मग कोरड्या गॉजने दोन-चारदा घासायचं, इतकंच की त्वचा किंचित गुलाबी दिसावी. मृत पेशींचा वरचा थर निघाला की अर्धी खरखर तिथेच संपते. इलेक्ट्रोडच्या मधली जेल बोटाने तपासायची. आदल्या आठवड्यात फोडलेल्या पाकिटातले इलेक्ट्रोड वरून नवे दिसतात, पण जेल वाळलेली असते. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तर उघडं पाकीट फार लवकर निकामी होतं. पाकिटाची कड दुमडून, टेप लावून ठेवायची सवय लावावी लागते.

वायरचं बटण इलेक्ट्रोडला आधी जोडायचं, मग इलेक्ट्रोड छातीवर चिकटवायचा. उलट केलं की बटण दाबताना पेशंटला दुखतं आणि जेल बाहेर पसरते. कडा गोल दाबायच्या, मध्यभाग नाही. दर २४ तासांनी सगळे इलेक्ट्रोड बदलायचे, आणि जागा बोटभर सरकवायची म्हणजे त्वचा सोलत नाही.

वरचे दोन इलेक्ट्रोड गळपट्टीच्या हाडाखाली, खांद्याच्या जवळ. छातीच्या मोठ्या स्नायूवर ठेवले तर हात हलला की रेघ हलते. खालचे दोन बरगड्यांच्या खालच्या कडेला. उजव्या गळपट्टीखालची आणि डाव्या काखेखालची जागा डीफिब्रिलेटरच्या (शॉक देणाऱ्या मशीनच्या) पॅडसाठी मोकळी राहिली पाहिजे. ऐनवेळी इलेक्ट्रोड उपटत बसायला वेळ नसतो. पाचव्या वायरची जागा मात्र मोजून काढायची. छातीच्या मधल्या हाडावर गळ्याखाली एक आडवा उंचवटा लागतो, त्याच्या शेजारी दुसरी बरगडी, तिच्याखाली दुसरी फट. तिथून बोटाने उतरत चौथ्या फटीपर्यंत यायचं, हाडाच्या उजव्या कडेला. ही व्ही-१. रुंद क्यूआरएसचा (प्रत्येक ठोक्यातला टोकदार भाग) प्रश्न आला तर तो सोडवायला हीच लीड लागते, आणि बहुतेक ठिकाणी ती वायर अंदाजाने छातीवर कुठेतरी चिकटवलेली असते. पेशंट बाई असेल तर पडदा ओढून, सिस्टरना सोबत घेऊन, अंगावरचं पांघरूण लागेल तेवढंच सरकवून हे करायचं. शुद्धीवर असेल तर आधी सांगायचं, "ताई, ठोके बघायला छातीवर पट्ट्या लावतोय, शॉक वगैरे काही लागत नाही." वायरींना घाबरणारे पेशंट खूप असतात, आणि घाबरून त्या उपटणारेही.

आता रंग. आपल्याकडे दोन पद्धतींच्या केबल एकाच वॉर्डात सापडतात. युरोपच्या पद्धतीत उजवा हात लाल, डावा हात पिवळा, डावा पाय हिरवा, उजवा पाय काळा, छाती पांढरी. अमेरिकेच्या पद्धतीत उजवा हात पांढरा, डावा हात काळा, डावा पाय लाल, उजवा पाय हिरवा, छाती तपकिरी. म्हणजे लाल, हिरवा, काळा आणि पांढरा हे चारही रंग दोन्हीकडे आहेत आणि चारही वेगळ्या जागी. एक पद्धत पाठ करून आलेला मुलगा दुसऱ्या केबलला हात लावतो तेव्हा घोळ होतो. तीन वायरींच्या अमेरिकन केबलवर सवयीने लाल वायर उजव्या खांद्याला आणि पांढरी खाली डाव्या बाजूला लावली, तर लीड टू सरळ उलटी होते : पी (क्यूआरएसआधीची छोटी लाट), क्यूआरएस, सगळं डोक्यावर उभं. मग कोणीतरी म्हणतं, "सर, जंक्शनल रिदम वाटतोय." (जंक्शनल म्हणजे ठोका वरच्या कप्प्यांऐवजी हृदयाच्या मधल्या भागातून उठतोय.) म्हणून रंग पाठ करायचे नाहीत. वायरीच्या क्लिपवर अक्षरं छापलेली असतात ती वाचायची, आणि लीड टू मध्ये पी वेव्ह वर येते ना ते बघायचं. अक्षरं झिजलेली केबल दिसली की बायोमेडिकलच्या माणसाला सांगून तिच्यावर त्याच दिवशी टेपचं लेबल लावून घ्यायचं.

यानंतर मॉनिटर स्वतः. पेशंट बदलला की मॉनिटरवरचा जुना पेशंट 'डिस्चार्ज' करावा लागतो, नाहीतर आधीच्या माणसाच्या अलार्मच्या मर्यादा नव्याला लागू राहतात. अ‍ॅडल्ट, पेडियाट्रिक की निओनेट (नवजात) हे बघायचं. त्यावर अलार्मच्या मर्यादा आणि बीपीचा पट्टा किती फुगवायचा हेसुद्धा ठरतं. पेसमेकर आहे की नाही ते भरायचं. घड्याळ बरोबर आहे का बघायचं, कारण स्ट्रिपवरची (रेघेच्या छापलेल्या कागदी पट्टीवरची) वेळ आणि केसपेपरवरची वेळ जुळली नाही तर ती स्ट्रिप पुढे कुणाच्याच कामाची राहत नाही. रेघेचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर, उंची १ मिलिव्होल्टला १० मिलिमीटर.

आणि फिल्टर. याबद्दल बहुतेकांना कुणी काही सांगितलेलंच नसतं. मॉनिटरच्या नेहमीच्या मोडमध्ये साधारण ०.५ ते ४० हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवलेला असतो, म्हणजे रेघ वरखाली तरंगत नाही आणि खरखर दिसत नाही. बारा लीडच्या ईसीजीला ०.०५ ते १५० हर्ट्झ लागतात. खालच्या बाजूची ही छाटणी एसटी सेगमेंट (क्यूआरएस आणि त्यानंतरची टी लाट यांच्यामधला भाग) बिघडवते : नसलेलं एलिव्हेशन दिसू शकतं, असलेलं झाकलं जाऊ शकतं. आम्ही एकाच सिम्युलेटरच्या (कृत्रिम रेघ तयार करणाऱ्या यंत्राच्या) सिग्नलवर मोड बदलून दाखवतो. डोळ्यांदेखत एसटी खालीवर होतो. त्यानंतर "मॉनिटरवर एसटी वर दिसतोय" याचा अर्थ एकच उरतो : बारा लीडचा ईसीजी काढा. हार्ट अटॅक आहे असंही मॉनिटरवरून म्हणायचं नाही आणि नाही असंही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही खोटे रिदम मुद्दाम तयार करतो. पेशंटवर अर्थातच नाही, बॅचमधल्याच एखाद्याला लीड लावून. त्याला ब्रशने दात घासायला सांगायचं. स्क्रीनवर रुंद, भराभर, दातेरी लाटा येतात आणि बहुतेक मॉनिटर व्हीटीचा (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारी धोकादायक वेगवान लय) लाल अलार्म देतात. फिजिओथेरपीत छातीवर थापट्या मारतात तशा मारल्या तरी तेच. हात थरथरवायला सांगितलं की एट्रियल फ्लटरसारखी (वरच्या कप्प्यांची वेगवान लय) करवत दिसते. पार्किन्सनचं कंपन सेकंदाला चार ते सहा वेळा होतं, म्हणजे मिनिटाला २४० ते ३६०. फ्लटरच्या लाटांचा वेगही त्याच घरातला, म्हणून ही गफलत वरचेवर होते. एक इलेक्ट्रोड अर्धा सोडवला की रेघ श्वासाबरोबर वरखाली होते. वाळलेला इलेक्ट्रोड लावून केबल पलंगाच्या मोटरजवळ गुंडाळून ठेवली की रेघ जाड, मखमली दिसते. ती घरच्या विजेची ५० हर्ट्झची खरखर.

खोटी व्हीटी ओळखायची कशी, हे याच वेळी शिकवतो. कागदाचा एक कपटा घ्यायचा. गोंधळ सुरू होण्याआधीच्या दोन-तीन क्यूआरएसवर पेन्सिलीने खुणा करायच्या आणि तो कपटा त्याच अंतराने गोंधळाच्या भागावरून पुढे सरकवत न्यायचा. खुणेच्या जागी बारीक टोकदार खाच सापडत गेली, तर आतला मूळ रिदम चालूच आहे, वरचा सगळा पसारा हालचालीचा. शिवाय बोटावरच्या प्रोबची लाट बघायची : ती आधीच्याच लयीत, तेवढीच उंच चालू असेल तर हृदय काही २०० ने धावत नाहीये. खरी व्हीटी असेल तर ती लाट खुजी होते, तुटते किंवा गायब होते. पण हे सगळं नंतर. आधी पेशंटकडे बघायचं. तो दात घासतोय की डोळे फिरवतोय, हे समजायला एक सेकंद लागतो.

मशीनची मोजणी कुठे चुकते, याला आम्ही सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण रेघ स्वच्छ असते आणि आकडा मोठ्या आत्मविश्वासाने चुकलेला असतो. मूत्रपिंड निकामी झालेल्या पेशंटचं पोटॅशियम वाढलं की टी वेव्ह उंच आणि टोकदार होते. मॉनिटर तिला क्यूआरएस समजून मोजतो आणि नाडी ७२ असताना १४४ दाखवतो. बरोबर दुप्पट आकडा दिसला की हाच संशय घ्यायचा. ज्या लीडमध्ये आर (क्यूआरएसचं वर जाणारं टोक) उंच आणि टी बुटकी असेल ती निवडली की आकडा सुधारतो. पण इथे थांबलं तर मोठं नुकसान. आकडा दुप्पट झाला तोच पोटॅशियमचा इशारा आहे. तातडीने बारा लीडचा ईसीजी, रक्त लॅबला, आणि ईसीजीवर बदल असतील तर रिपोर्टची वाट न बघता १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली, शिरेतून सावकाश, मॉनिटरकडे बघत.

दुसरी चूक याहून घातक. पेसमेकर बसवलेल्या पेशंटमध्ये पेसमेकरचे सिग्नल ठरल्या वेळी पडत राहतात, पण हृदय त्यांना प्रतिसाद देत नाही. मॉनिटरने ते उभे दांडेच ठोके म्हणून मोजले तर स्क्रीनवर ७० आणि पेशंटला नाडी नाही, अलार्मही नाही. म्हणून पेसमेकरची नोंद मॉनिटरमध्ये करायची, प्रत्येक दांड्यामागे रुंद क्यूआरएस आणि त्यामागे टी येते का ते बघायचं, आणि अशा पेशंटच्या बाबतीत प्रोबच्या लाटेवर अवलंबून राहायचं. तात्पुरता पेसमेकर लावलेल्या पेशंटला कुशीवर वळवल्यावर वायर सरकू शकते, त्यामुळे मावशींनी चादर बदलली की त्यानंतर दोन मिनिटं तिथे उभं राहून बघायचं, असा आमच्याकडे नियमच आहे.

तिसरी : उंची कमी असलेले क्यूआरएस. जाड छाती, फुगलेली फुप्फुसं, हृदयाभोवती पाणी. मॉनिटरला ठोका दिसतच नाही आणि तो एसिस्टोलचा (हृदय थांबल्याचा) अलार्म देतो. लीड बदलली की बहुधा प्रश्न सुटतो. मात्र हृदयाभोवती पाणी असण्याची शक्यता असेल तर लीड बदलून पुढे न जाता इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यायचा.

रिदम वाचायला लागतो तेव्हा आमची एक अट असते : नाव शेवटी सांगायचं. आधी वर्णन. रेट किती, लय सारखी की नाही, पी आहे का, प्रत्येक पीमागे क्यूआरएस आणि प्रत्येक क्यूआरएसआधी पी आहे का, पीआर (पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ) किती, क्यूआरएस अरुंद की रुंद, क्यूटी (क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टीच्या शेवटापर्यंतचा वेळ) किती. लहान चौकोन ०.०४ सेकंद, मोठा ०.२ सेकंद. लय सारखी असेल तर ३०० ला मोठ्या चौकोनांनी किंवा १५०० ला लहान चौकोनांनी भागायचं. लय सारखी नसेल तर ३० मोठ्या चौकोनांतले, म्हणजे सहा सेकंदांतले, क्यूआरएस मोजून दहाने गुणायचं. मॉनिटरचा आकडा हा मागच्या काही ठोक्यांची सरासरी असतो, त्यामुळे मधेच आलेला तीन सेकंदांचा विराम त्यात बुडून जातो आणि आकडा साठच राहतो. विराम रेघेवरच शोधावा लागतो.

नाव आधी घेतलं की डोळे त्या नावाला पुरावे गोळा करतात. ब्लॉकच्या (वरच्या कप्प्यांतला सिग्नल खाली पोचताना अडतो त्याच्या) बाबतीत हे सर्रास होतं. पीआर लांबत लांबत जाऊन एक ठोका गळतो तो मोबिट्झ एक. पीआर तोच राहून अचानक गळतो तो मोबिट्झ दोन. पी आणि क्यूआरएस आपापल्या लयीत चालतात, एकमेकांशी संबंध नाही, तो पूर्ण ब्लॉक. कागदाच्या कपट्यावर पीच्या खुणा करून सरकवल्या की टी वेव्हमध्ये लपलेली पी सापडते, आणि साधा ब्रॅडिकार्डिया (मंद ठोके) वाटलेला रिदम पूर्ण ब्लॉक निघतो. रुंद क्यूआरएसची, एका लयीतली, वेगवान धाव म्हणजे दुसरं काही सिद्ध होईपर्यंत व्हीटीच धरायची. पेशंट बोलतोय, बीपी बरं आहे, यावरून व्हीटी नाही असं ठरत नाही. काही जण व्हीटीत बराच वेळ गप्पा मारू शकतात.

आमच्याकडे येणाऱ्या पेशंटमध्ये विषबाधा आणि दंश खूप, आणि मॉनिटर शिकवायला त्यांच्याइतका उपयोग कशाचाच होत नाही. शेतावरचं फवारणीचं औषध प्यायलेल्या पेशंटला अ‍ॅट्रोपिन देताना फुप्फुसं मोकळी होणं, बीपी सुधारणं आणि रेट ८० च्या वर राहणं ही उद्दिष्टं असतात. मग अलार्मची खालची मर्यादा ५० वर ठेवून काय उपयोग? ती ८० वर आणायची, म्हणजे अ‍ॅट्रोपिन कमी पडायला लागल्याचं मॉनिटरच सांगतो. वरचा अलार्म वाजला तर लगेच अ‍ॅट्रोपिन जास्त झालं असं मानायचं नाही. ताप, अस्वस्थता, तुंबलेलं मूत्राशय, कमी झालेला ऑक्सिजन हे सगळं बघायचं. याच पेशंटमध्ये क्यूटी लांबतो, आणि त्यात उलटी थांबवायला ऑन्डॅन्सेट्रॉन दिलं जातं, जे तो आणखी लांबवतं. क्यूटीसी (रेटनुसार दुरुस्त केलेला क्यूटी) ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला की धोका. टॉर्साद (लांबलेल्या क्यूटीमुळे येणारी पिळवटलेली व्हीटी) आलं आणि नाडी लागत असेल तर मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम शिरेतून. नाडी नसेल तर आधी शॉक.

बिट्टीच्या, म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या बिया खाल्लेले पेशंट आले की ब्लॉकचे सगळे प्रकार एकाच स्क्रीनवर तासातासाला बदलताना बघायला मिळतात. त्या बीमधलं विष डिजिटॅलिस या हृदयाच्या औषधासारखं काम करतं. त्यावरचं प्रतिविष आपल्याकडे सहज मिळत नाही, त्यामुळे अ‍ॅट्रोपिन, पोटॅशियमवर नजर आणि वेळेवर तात्पुरता पेसमेकर यावर सगळी भिस्त. सकाळी पीआर ०.२४ सेकंद, दुपारी मोबिट्झ, संध्याकाळी पूर्ण ब्लॉक असा उतार दिसतो तो फक्त दर दोन तासांनी स्ट्रिप काढून ओळीने चिकटवणाऱ्यालाच. सध्याचा आकडा ६० असला तरी आधीच्या तीन स्ट्रिप काय सांगतात हे महत्त्वाचं.

विंचवाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर केलेलं काम आणि प्राझोसिनचा उपचार आता जगभर माहीत आहे. दंशाच्या पेशंटला घाम फुटलेला असतो, हात-पाय बर्फासारखे गार असतात. म्हणजे घामाने इलेक्ट्रोड सुटतात आणि गार बोटांवर प्रोबला लाट सापडत नाही. सुरुवातीला रेट मंद, मग झपाट्याने १४०-१५०, मधे मधे एक्टोपिक (अवेळी ठोके). मॉनिटर सगळ्यात जास्त हवा असतो तेव्हाच तो सगळ्यात कमी भरवशाचा. अशा वेळी प्रोब कानाच्या पाळीला लावायचा, इलेक्ट्रोडखालची त्वचा पुन्हा पुसायची, आणि हाताचा गारवा कुठपर्यंत चढलाय हे दर अर्ध्या तासाने हाताने बघून लिहायचं. हात गरम व्हायला लागले की औषध लागू पडतंय. हे कुठलाही मॉनिटर सांगत नाही.

अलार्मबद्दल. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात पाच आयसीयूंमधल्या ४६१ पेशंटचे ३१ दिवसांचे अलार्म मोजले गेले आणि २०१४ साली ते प्रसिद्ध झाले. एकूण २५ लाखांहून जास्त अलार्म. त्यातले रिदमचे १२,६७१ अलार्म तज्ज्ञांनी एकेक करून तपासले, तर ८८.८ टक्के खोटे. आपल्याकडे एका सिस्टरकडे तिथल्यापेक्षा जास्त पेशंट असतात, तेव्हा कानांची काय गत होत असेल याचा विचार करावा. सतत वाजणारा अलार्म ऐकू येणं बंद होतं, आणि मग कोणीतरी तो कायमचा गप्प करून टाकतं. उपाय कंटाळवाणा आहे पण तोच आहे : प्रत्येक राऊंडला प्रत्येक पेशंटच्या मर्यादा बदलायच्या. सेप्सिसमुळे (गंभीर संसर्गामुळे) १२५ वर चालणाऱ्या पेशंटची वरची मर्यादा १२० ठेवली तर तो दिवसभर वाजणार. ती १४५ ला न्यायची आणि तसं केसपेपरवर लिहायचं. एसिस्टोल, व्हीएफ (खालच्या कप्प्यांची नुसती थरथर), व्हीटी हे अलार्म कुणीही, कधीही बंद करायचे नाहीत. गप्प करायचं बटण दाबायच्या आधी पेशंटचा चेहरा बघायचा. खुर्चीत बसून ते दाबायचं नाही. रात्री दहाला सगळे इलेक्ट्रोड बदलले तर मध्यरात्रीनंतरचे निम्मे अलार्म होतच नाहीत, हे सिस्टरच आम्हाला सांगतात आणि ते खरं आहे.

फोनवर सीनियरला काय सांगायचं याचीही तालीम घेतो. "मॅडम, बेड सहाला व्हीटी आलंय" हे पुरेसं नाही. "मॅडम, बेड सहा. शुद्धीवर आहेत, पल्स लागतेय, बीपी ९० बाय ६०. रेट १८०, रेग्युलर, क्यूआरएस रुंद. दहा मिनिटांपूर्वी सुरू झालं. स्ट्रिप काढलीय, बारा लीडचा ईसीजी चालू आहे, डीफिब्रिलेटर बेडजवळ आणलाय." हे ऐकणारा पलंगापाशी नसला तरी निर्णय घेऊ शकतो. शॉक द्यायचा ठरला तर सिंक्रोनाइझचं (शॉक ठोक्याशी जुळवून देण्याचं) बटण दाबल्यावर प्रत्येक आरवर खूण येते का ते डोळ्यांनी बघायचं. टी उंच असेल तर खूण टीवर पडते, आणि तिथे दिलेला शॉक व्हीएफ करू शकतो. लीड बदलून खूण आरवर आणायची. बऱ्याच मशीनमध्ये एक शॉक दिल्यावर सिंक आपोआप बंद होतं, दुसऱ्या शॉकआधी ते पुन्हा दाबावं लागतं. उलट, व्हीएफमध्ये सिंक चालू राहिलं तर मशीन आर शोधत बसतं आणि शॉकच देत नाही.

सपाट रेघ. पट्टीने आखल्यासारखी सरळ असेल तर बहुधा वायर सुटलीय. खऱ्या एसिस्टोलची रेघ थोडी तरंगते. पण हे बघण्याआधी पेशंटला हाक मारायची आणि मानेतली नाडी बघायची, दहा सेकंदांच्या आत. नाडी नसेल तर सीपीआर सुरू, आणि ते चालू असतानाच दुसऱ्या कुणीतरी वायर, उंची आणि दुसरी लीड तपासायची. रेघ सुंदर चालू असून नाडी नाही, हे तर त्याहून जास्त वेळा दिसतं, आणि नवा डॉक्टर तिथेच अडखळतो. रेघ म्हणजे वीज. रक्त पुढे गेलं की नाही हे ती सांगत नाही.

मृत्यू जाहीर करतानाही याची गरज पडते. सीपीआर थांबवल्यावर काही मिनिटं स्क्रीनवर रुंद, वेड्यावाकड्या लाटा येत राहतात. नातेवाईक त्या बघत असतात. "डॉक्टर, अजून चालू आहे ना?" या प्रश्नाला कुणी तयार नसतं. म्हणून सांगून ठेवतो : रेघ पूर्ण सपाट होईपर्यंत थांबा. नाडी, हृदयाचे ध्वनी, श्वास, बाहुल्या हे स्वतः तपासा. सपाट रेघेची स्ट्रिप काढून नाव, नोंदणी क्रमांक, तारीख आणि वेळ टाकून केसपेपरला लावा, मग मॉनिटर बंद करा आणि त्यानंतरच नातेवाइकांना आत बोलवा. तरी कुणी आधीच्या लाटांबद्दल विचारलं तर खाली बसून, त्यांच्या नजरेला नजर देऊन सांगा, "काका, ती विजेची हालचाल होती. हृदय रक्त ढकलत नव्हतं, आम्ही नाडी स्वतः बघितली." एवढं सांगायला एक मिनिट लागतं. ते न सांगितल्याने मनात राहून गेलेला संशय मात्र त्या घरात वर्षानुवर्षं राहतो.

पोस्टिंगच्या शेवटी परीक्षा असते ती सिम्युलेटर जोडलेल्या रिकाम्या बेडवर. रिदम साधा, सायनस (नॉर्मल), ८०. बिघाड बाकी सगळीकडे : मॉनिटरवर आधीच्या पेशंटचं नाव, मोड निओनेट, दोन वायरी अदलाबदल केलेल्या, वरची मर्यादा २००, आणि कोपऱ्यात घंटेवर काट मारलेली, म्हणजे अलार्मचा आवाज बंद. दहा मिनिटांत सगळं शोधून दुरुस्त करायचं. वायरी जवळजवळ सगळे पकडतात. ती काट मारलेली घंटा सगळ्यात जास्त सुटते, कारण त्या कोपऱ्यात कुणी बघतच नाही. ज्याची ती सुटते त्याला पुढचे तीन दिवस सकाळी ड्यूटीवर आल्याआल्या वॉर्डातल्या प्रत्येक मॉनिटरची घंटा तपासून वहीत सही करायची असते, आणि ती वही सिस्टर इन्चार्जकडे असते.